वॉचमन गेले

सेक्रेटरींनी ती नोटीस लिहिली तेव्हा कुणाला मारण्याचा त्यांचा बिलकुल इरादा नव्हता. त्यांना फक्त ऑफिसला उशीर होत होता.

सोसायटीचे वॉचमन पहाटेच गावी निघून गेले होते. बहिणीच्या घराचं छप्पर खाली आलंय, असा फोन आला होता. गेट बंद, गेटवर कोणी नाही आणि बाहेर दोन गाड्या हॉर्न वाजवतायत, हा देखावा पाहून सेक्रेटरींनी जिन्याजवळच्या फळ्यावर घाईघाईत एक कागद टोचला. ‘आपल्या सोसायटीचे वॉचमन आज पहाटे गेले. सर्व रहिवाशांनी सहकार्य करावे.’ खाली सही, सहीखाली शिक्का. शिक्का मारल्याशिवाय सेक्रेटरी ‘उद्या दूध नको’ एवढंसुद्धा कुणाला कळवत नसत.

आता, सेक्रेटरी म्हणजे काही साधे लिहिणारे नव्हेत. एका मोठ्या ऑफिसात पत्रांचे मसुदे तयार करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. वरचे साहेब फक्त सही करत. त्या सहीच्या वरचा प्रत्येक स्वल्पविराम सेक्रेटरींचा असे. त्यामुळे आपल्या वाक्यातून भलता अर्थ निघेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो अर्थ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी काढला. काकूंना छापलेलं आणि लिहिलेलं सगळं खरं वाटे. त्यात शिक्का असला की विषयच संपला. त्या फळ्यासमोर मटकन जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग उठल्या आणि दारोदार सांगत सुटल्या.

“कालच मला म्हणाले हो, काकू, पिशवी जड दिसते, द्या इकडे. किती माणुसकी होती त्यांच्यात.”

काल संध्याकाळपर्यंत काकू त्याच माणसाबद्दल “कुठं उलथलाय कोण जाणे” असं म्हणत होत्या. एका पहाटेत ‘म्हणाला’चे ‘म्हणाले’ झाले.

दुपारपर्यंत कुणीतरी वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीवर फुलं आणून ठेवली. कोपऱ्यातल्या फ्लॅटमधल्या वकिलांनी वारस कोण, याची चौकशी सुरू केली. चेअरमनसाहेबांनी गॅलरीतून खाली बघत “फार प्रामाणिक होते” असं दोन वेळा म्हटलं. संध्याकाळी सेक्रेटरी परत आले तर अख्खी इमारत हळू आवाजात बोलत होती. त्यांनी विचारलं, “कोण गेलं?” तर त्यांनाच त्यांची नोटीस दाखवण्यात आली.

त्यांनी जीव तोडून सगळ्यांना समजावलं. पण काकूंच्या दोन मैत्रिणी बातमी ऐकून त्याच दुपारी बाहेरगावी गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत खुलासा पोचला नाही. दोन दिवसांनी वॉचमन खांद्याला पिशवी लावून गेटमधून आत आले, तेव्हा त्यांतली एक जण हातातल्या दुधासकट भिंतीला टेकली. वॉचमननी खुर्चीवरची सुकलेली फुलं उचलून कुंडीत टाकली आणि बसले. कुणी काय समजायचं ते समजो, त्यांचे गुडघे प्रवासानं धरले होते.

गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण चेअरमनसाहेबांनी सेक्रेटरींना वर बोलावलं.

चेअरमनसाहेब कुठल्याशा मोठ्या खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. खातं सुटलं, गाडी सुटली, शिपाई सुटले. ‘आम्ही’ मात्र सुटलं नव्हतं. घरात एकटे असतानाही ते “आम्ही आता जरा पडतो” असं म्हणत, असं त्यांची नातच सांगे.

“आम्हाला हे समजत नाही,” चेअरमन म्हणाले, “की ‘वॉचमन गेला’ असं सरळ लिहायला तुमचं काय जात होतं? ‘गेला’ लिहिलं असतं तर कुणाला शंका आली असती? सगळ्यांना कळलं असतं, गेला असेल कुठंतरी.”

“साहेब, नोटिशीची भाषा आहे. साठीच्या पुढचा माणूस आहे. ‘गेला’ कसं लिहायचं?”

“वॉचमन आहे.”

“हो, पण—”

“फळ्यावर शुद्धिपत्रक लावा. ‘गेले’ऐवजी ‘गेला’ असे वाचावे.”

चेअरमननी दुसरं काहीही म्हटलं असतं तरी सेक्रेटरींनी मान डोलावली असती. त्यांना भांडणाची आवड नव्हती, आणि वॉचमनविषयी त्यांच्या पोटात काही खास उमाळा होता असंही नाही. पण शुद्धिपत्रक? ज्या माणसाच्या मसुद्यावर तीन साहेब बदलून गेले तरी एक काना इकडचा तिकडे झाला नाही, त्यानं शुद्धिपत्रक काढायचं? तेही शुद्ध असलेल्याचं अशुद्ध करण्यासाठी? सेक्रेटरी खाली आले आणि त्यांनी फळ्यावर नवा कागद टोचला. ‘गेले म्हणजे गावी गेले होते. आता आले आहेत.’ सही, शिक्का.

चेअरमन तो कागद वाचून लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी आपल्या मजल्याचं बटण दोनदा दाबलं.

घरी सेक्रेटरींनी ही हकिकत जरा छाती काढून सांगितली. त्यांच्या पत्नी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होत्या. तिथं त्यांना सगळे मॅडम म्हणत. इमारतीत मात्र त्या सेक्रेटरीणबाई होत्या. हे पद त्यांनी मागितलं नव्हतं, त्याचा राजीनामा देण्याचीही सोय नव्हती.

“छान केलंत,” बाई म्हणाल्या. “आणि आज गेटवर त्यांना काय म्हणालात?”

“कुणाला?”

“वॉचमनना. मी मागूनच येत होते. ‘अरे, टाकी भरलीस का?’ म्हणालात.”

“ते बोलणं झालं. लिहिणं वेगळं.”

“म्हणजे मान कागदापुरता.”

चेअरमनना दिलेली सगळी उत्तरं इथं कुचकामी होती. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, “ठीक आहे. उद्यापासून बोलतानाही.”

“बघा हं. आणि मग घरात?”

“घरात काय?”

“मी तुम्हाला ‘अहो’, तुम्ही मला ‘अगं’. मी वॉचमनएवढी वयानं मोठी नाही, पण त्यांच्याइतकीच जागी असते.”

“एका वेळी एकच काम हातात घ्यावं,” सेक्रेटरी म्हणाले आणि आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ सकाळीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी खाली उतरताना त्यांनी वाक्य मनात तीनचारदा घोळवलं. परदेशी पाहुण्यांसमोर भाषण करायचं असावं तशी कॉलर नीट केली. गेटपाशी येऊन ते म्हणाले, “काय वॉचमन, टाकी भरलीत का तुम्ही?”

वॉचमननी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“तुम्हालाच विचारतोय. भरलीत ना?”

“भरली साहेब,” वॉचमन म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला की बघवेना.

संध्याकाळी ते सेक्रेटरींच्या दारात आले. चपला बाहेर काढून, हातात टोपी घेऊन. “साहेब, माझं काही चुकलं का? मला काढणार आहात का?”

“कोण म्हणतं काढणार?”

“सकाळी तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हणालात. आधीच्या कारखान्यात मॅनेजर मला असंच एकदा ‘बसा’ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. मी बसलो, आणि त्यानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका.”

सेक्रेटरींनी त्यांना बसवून सगळं समजावायचं ठरवलं. पण ‘बसा’ हा शब्द आता वापरता येत नव्हता. त्यामुळे दोघंही उभेच राहिले. सेक्रेटरींनी माणसाचा मान, वय, नोटिशीची भाषा असं बरंच सांगितलं. वॉचमननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ते बरोबर आहे साहेब. पण ‘तू’ म्हणतात म्हणून मला कुणाच्याही दारात चहा मागता येतो. तिसऱ्या मजल्यावरचे जुना शर्ट देतात. ‘अरे, हा घे,’ म्हणतात. ‘अहो, हा घ्या’ म्हणून जुना शर्ट कोण देईल? त्यांना लाज वाटेल, मला घेववणार नाही. तुमचा मान व्हायचा आणि माझा चहा जायचा.”

एवढं बोलून ते गेले. आतून बाई म्हणाल्या, “विचारलं होतंत का त्यांना आधी?” सेक्रेटरींनी विचारलं नव्हतं. सुधारणा करताना ज्याची सुधारणा करायची त्याला विचारायचं असतं, हे त्यांच्या ऑफिसच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. पण आता माघार घेतली तर चेअरमन जिंकणार होते. सेक्रेटरींनी दात घट्ट दाबले आणि “तुम्ही” चालू ठेवलं. रोजचा चहा आपल्या घरून पाठवायचा, असंही त्यांनी जाहीर केलं. तो करायचा कुणी, हा मुद्दा बाईंनी लगेच उपस्थित केला, आणि त्या दिवसापासून सेक्रेटरी स्वतः चहा करायला शिकले.

इमारतीत या प्रकरणाचा गाजावाजा व्हायला वेळ लागला नाही. सल्ला द्यायला जो तो तयार होता.

काकू म्हणाल्या, “कशाला एवढं ताणता? मी नाही का, नवीन जावयाशी बोलताना काय करते? तूही नाही, तुम्हीही नाही. ‘चहा झाला का?’, ‘येणं कधी झालं?’, ‘जेवायचं आहे ना?’ कोण जेवणार, कोण आलं, काही बोलायचंच नाही. जावई पाच वर्षं झाली येतोय, अजून त्याला कळलेलं नाही मी त्याला काय म्हणते.”

ही युक्ती इमारतीला फार आवडली. चेअरमनची मर्जी राखायची होती आणि सेक्रेटरींशीही बिघडवायचं नव्हतं, त्यामुळे सगळ्या मजल्यांवरून कर्ता नाहीसा झाला. “गेट उघडायचं होतं जरा.” “लिफ्ट पुसून झाली वाटतं?” “आज उशीर झालेला दिसतोय.” वॉचमन प्रत्येक वाक्याला “हो” म्हणत, नक्की कुणाला उशीर झालाय, हे विचारायच्या भानगडीत पडत नसत. वकिलांनी तर आपल्या परीनं कायदेशीर तोडगा काढला. ते गाडीची काच खाली करून म्हणत, “सदर इसमाने गेट उघडावे.” वॉचमनना ती शिवी वाटली आणि आठवडाभर वकिलांच्या गाडीला गेट सगळ्यात शेवटी उघडलं गेलं.

पण सेक्रेटरींचं “तुम्ही” काही थांबलं नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, औषधासारखं. आणि औषधाचा असर हळूहळू व्हायचा तसा तो झाला. वॉचमन आधी कसनुसे व्हायचे, मग नुसतेच ऐकायचे, मग एकदा काय झालं, सेक्रेटरी फोनच्या नादात “अरे, ते पार्सल—” म्हणाले, तर वॉचमननी पार्सल दिलं, पण थोडं थांबून दिलं.

आणि मग तो प्रसंग घडला. चेअरमनची नात कॉलेजातून गाडी घेऊन आली. काच खाली न करता हॉर्न वाजवला, मग काच खाली करून म्हणाली, “ए वॉचमन, उघड ना गेट.” वॉचमन खुर्चीतून उठले, गेटपर्यंत आले, कडीवर हात ठेवला आणि म्हणाले, “‘उघडा’ म्हणालात तर उघडतो.”

बास. तिने तिथूनच आजोबांना फोन लावला.

चेअरमननी त्या दिवशी दोन कामं केली. वॉचमनला काढून एजन्सीचा माणूस ठेवावा, असा ठराव पुढच्या सभेसाठी तयार केला. आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसात सेक्रेटरींविरुद्ध तक्रार पाठवली. काकूंनी त्यांना समजावून पाहिलं, तेव्हा ते जे म्हणाले ते काकूंनी सेक्रेटरींना जसंच्या तसं येऊन सांगितलं: “उद्या उठून सगळ्यांनाच अनेकवचन वाटत सुटलात, तर आमच्या अनेकवचनाला काय किंमत राहिली?”

सेक्रेटरींना वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच भीती वाटते आहे.

रजिस्ट्रारच्या ऑफिसातून बोलावणं आलं. सेक्रेटरी रजा टाकून गेले. लांबलचक खोली, फायलींनी वाकलेली कपाटं, आणि टेबलामागे एक क्लार्क, ज्यांनी वर न बघताच सुरुवात केली.

“ए, कुठं घुसतोस? रांग दिसत नाही?”

“मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे.”

“हां. मग त्या बाजूला थांबा.”

“ऑफिसातून रजा काढून आलोय हो. मसुदा विभागात असतो मी,” असं म्हणून सेक्रेटरींनी आपल्या ऑफिसचं नाव सांगितलं.

क्लार्कनी मान वर केली. “अहो, मग आधी सांगायचं ना साहेब. बसा, बसा. काय सेवा करू?”

“माझ्याविरुद्ध तक्रार आहे. तिच्यासाठी बोलावलंय.”

“तक्रार तुझ्याविरुद्ध आहे होय?” क्लार्क म्हणाले आणि पुढे केलेली खुर्ची पायानं थोडी मागे ओढली.

इतक्या कमी वेळात इतक्या पायऱ्या चढून उतरायचा सेक्रेटरींचा हा पहिलाच प्रसंग होता. आपण तोच शर्ट, तीच बॅग, तोच माणूस.

तक्रारीची भाषा चोख होती. सेक्रेटरी सोसायटीच्या दप्तरात ‘वॉचमन होते’, ‘वॉचमन आले’, ‘त्यांना पगार दिला’ असे उल्लेख करतात, त्यावरून सोसायटीत एकाहून अधिक वॉचमन असल्याचा समज होतो, सबब चौकशी व्हावी.

“वॉचमन किती आहेत?” क्लार्कनी विचारलं.

“एक.”

“मग ‘होते’ कसं? ‘होता’ पाहिजे.”

“आदरार्थी आहे ते.”

“दप्तरात आदराचा रकाना नाही. इथं संख्या बघतात. ‘होता’ लिहून टाका, मी फाइल बंद करतो. माझ्याही डोक्याला ताप नाही.”

“पण चेअरमनही एकच आहेत,” सेक्रेटरी म्हणाले. “आणि ‘चेअरमन होते’ असं सगळ्याच सोसायट्या लिहितात. त्यांची चौकशी होते का?”

क्लार्कनी पेन खाली ठेवून या प्रश्नाचा मनापासून विचार केला. माणूस वाईट नव्हता. “कसं आहे,” ते शेवटी म्हणाले, “चेअरमन एक असले तरी ते असतात. वॉचमन असतो.”

परतीच्या बसमध्ये सेक्रेटरी खिडकीशी बसून हे वाक्य चघळत होते. आधी त्यांना राग आला, मग हसू आलं, आणि उतरायच्या थांब्याच्या जरा अलीकडे एक कल्पना सुचली. मसुदा विभागातल्या माणसाला जेव्हा कल्पना सुचते तेव्हा ती वरून फार निरुपद्रवी दिसते.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. खुर्च्या वॉचमननी मांडल्या होत्या आणि ते स्वतः एका खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या नोकरीचा निकाल लागायचा होता. हातांना काय काम द्यावं हे न सुचून ते रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी पुसत होते. बाई मुद्दाम लवकर येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

प्रथेप्रमाणे आधी मागच्या सभेचा वृत्तांत वाचायचा होता. सेक्रेटरी उठले, चष्मा लावला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचू लागले.

“‘सभा ठरलेल्या वेळी सुरू झाली नाही, कारण चेअरमन उशिरा आला. तो खुर्चीवर बसला. त्याने सर्वांना शांत राहण्यास सांगितले. कोणी राहिले नाही. नंतर वकील उठला. तो बराच वेळ बोलला. दुसऱ्या मजल्यावरची काकू म्हणाली की नळाला दाब नाही. सेक्रेटरीने खुलासा केला. तो कुणालाही पटला नाही. वॉचमनने चहा आणला. चहा घेऊन चेअरमन निघून गेला.’”



“हे काय चालवलंय?” चेअरमन म्हणाले. “कोण आला? कोण निघून गेला?”

“चेअरमन, साहेब. एकच आहे. एका माणसाला अनेकवचन का, असं रजिस्ट्रारच्या ऑफिसनं विचारलंय. तुमचीच तक्रार होती. मी दप्तर दुरुस्त केलं.”

“ती दुरुस्ती वॉचमनपुरती होती.”

“तसं कुठं लिहिलेलं नाही. वकीलसाहेबांना विचारा.”

‘बराच वेळ बोलला’ हे वकिलांच्या जिव्हारी लागलं होतं. पण कायदा तो कायदा. ते चडफडत म्हणाले, “पोटनियमांत वचनाबाबत भेद केलेला नाही.”

चेअरमन उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज, खात्यात असताना जसा निघत असेल तसा निघाला. “तू मला शिकवणार? तू?”

‘आम्ही’ सुटलं होतं, आणि ‘तुम्ही’ही. पहिल्या रांगेतून बाई बघत होत्या. सेक्रेटरींनी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, “‘चेअरमन म्हणाला, तू मला शिकवणार? सेक्रेटरी म्हणाला, हो.’ पुढं बोला साहेब, लिहून घेतोय.”

मागून कुणीतरी खोकल्यात लपवून हसलं. चेअरमननी सभेकडे पाहिलं, मग खांबाकडे वळले. “याला विचारा की. ज्याच्यासाठी एवढं चाललंय त्यालाच विचारा. सांग रे, तुला काय म्हणायचं आम्ही?”

सगळ्या माना वळल्या. वॉचमननी फडकं घडी करून खांद्यावर टाकलं. सेक्रेटरींनी डोळे मिटले. चहा आणि शर्टाचं प्रकरण त्यांना आठवत होतं.

“मी आता दोन्ही ऐकून बघितलंय साहेब,” वॉचमन म्हणाले. “‘तू’ म्हटलं की पळावं लागतं. ‘तुम्ही’ म्हटलं की चालत गेलं तरी चालतं. माझे गुडघे दुखतात.”

एवढंच. पुन्हा ते खुर्च्या पुसायला लागले.

काकू एकदम उभ्या राहिल्या. “मी सांगते. हे गेले असं वाटलं तेव्हा आपण सगळेच ‘म्हणाले, होते, करायचे’ असं बोललो की नाही? चेअरमनसाहेब, तुम्हीही म्हणालात, मी ऐकलंय. मग माणूस परत आला हा काय त्याचा गुन्हा झाला?”

ठराव मतदानाला टाकला. वॉचमनना काढण्याच्या बाजूने चेअरमनचा हात वर गेला, त्यांच्या मजल्यावरचे आणखी थोडे हात गेले, आणि बाकीचे मांडीवरच राहिले. ठराव पडला.

सेक्रेटरींचा चेहरा फुलतोय तोवर चेअरमननी तिथल्या तिथे दुसरा ठराव मांडला: सेक्रेटरी बदलावा. यावर मात्र भराभर हात वर गेले. वकिलांचा गेला. ज्यांना ज्यांना त्या वृत्तांतात एकवचन मिळालं होतं त्या सगळ्यांचे गेले. काकूंचाही गेला.

“काकू, तुम्हीसुद्धा?” सेक्रेटरी म्हणाले.

“वॉचमनचं वॉचमनपाशी,” काकू म्हणाल्या. “पण मला सगळ्यांदेखत ‘म्हणाली’ म्हणाला तो.”

नवे सेक्रेटरी म्हणून वकिलांची निवड झाली. जुन्या सेक्रेटरींनी त्या दिवसाचा वृत्तांत तिथंच बसून पुरा केला आणि त्यात चेअरमन म्हणाले, वकील म्हणाले, काकू म्हणाल्या, वॉचमन म्हणाले, असं सगळ्यांना सारखं लिहिलं. मग शिक्का वकिलांच्या हातात दिला. हाताला काहीतरी हलकं हलकं वाटत होतं, आणि ते त्यांना फारसं आवडलं नाही.

जिना चढताना बाई म्हणाल्या, “गेलं पद.”

“गेलं.”

“म्हणजे मीही आता सेक्रेटरीणबाई नाही.”

“नाही.”

“सुटले बाई. चल लवकर, मला भूक लागलीय.”

ते पायरीवरच थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात ‘चला’च ऐकलं होतं. बाई न वळता पुढे चढत राहिल्या. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं की ओघात तोंडून गेलं, हे पाठीवरून कळायला मार्ग नव्हता. विचारावं तर कुठल्या तोंडानं विचारावं. दोनतीन पायऱ्यांनंतर ते म्हणाले, “येतोय. तुम्ही व्हा पुढे.”

“होतेच आहे,” बाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात जुने सेक्रेटरी ऑफिसातून परत येत होते. दोन्ही हातांत पिशव्या, बगलेत छत्री, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. गेट बंद होतं. आत खुर्चीवर वॉचमन चहा पीत बसले होते. पूर्वी ते लांबून दिसले की वॉचमन उठून गेट उघडून उभे राहत. आज त्यांनी कप जरासा वर करून ओळख दाखवली आणि पुढचा घोट घेतला.

“जरा कडी काढता का?”

“एवढा चहा झाला की काढतो. घाई असेल तर तुम्हीच काढा. बाहेरून हात घालून वर उचलायची आणि मग ओढायची, अडकते ती.”

त्यांना राग आला. साधासुधा नाही, ज्या माणसासाठी शिक्का गेला, इमारतीत निम्म्या लोकांनी बोलणं टाकलं, चहा करायला शिकावं लागलं, तो माणूस बसल्या जागेवरून आपल्याला कडी कशी उचलायची ते शिकवतोय. जिभेच्या टोकावर “अरे” आलं. अगदी टोकावर आलं, थोडं बाहेरही डोकावलं. त्यांनी ओठ मिटले. पिशव्या खाली ठेवल्या, गजांमधून हात घातला, कडी वर उचलली, ओढली. ती अडकली. पुन्हा उचलली, बोट चिमटलं, आणि ती निघाली. आत येऊन त्यांनी गेट लावलं, पिशव्या उचलल्या आणि वॉचमनसमोरून मान ताठ ठेवून निघाले.

“लागलं का?” वॉचमननी विचारलं.

“नाही.”

घरात शिरताच बाईंनी त्यांचं बोट पाहिलं. “हे काय झालं?”

“वॉचमन उठले नाहीत.”

“मग?”

“मग काय. चहा पीत बसले होते. मला बघितलं त्यांनी, आणि उठले नाहीत.”

त्यांचा आवाज रागानं चांगलाच चढला होता. क्रियापद मात्र जागच्या जागी होतं.